विद्युत हस्तयंत्रे आणि कामगारांची सुरक्षितता : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

विजेवर चालणारे व हातात धरून वापरावयाचे हत्यार हे आधुनिक औद्योगिक जीवनाचे एक सामान्य साधन बनले आहे. सुतार, गवंडी, नळकारागीर, फॅब्रिकेटर आणि घरगुती दुरुस्ती करणारी सामान्य माणसेही ड्रिल मशीन, ग्राइंडर व कटर रोज वापरतात. या हत्यारांचा इतिहास साधारणपणे शोध व शोधकर्त्यांच्या अंगाने सांगितला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात तो सुरक्षिततेच्या अंगाने मांडला आहे. विजेपासून संरक्षणाचा विचार आधी इमारतीपुरता होता, नंतर तो यंत्रापर्यंत आला व सर्वांत शेवटी माणसापर्यंत पोहोचला. भारतात मात्र हत्यार कारखान्याबाहेर पडल्यावरही कायदा मुख्यतः कारखान्याच्या आवारातच राहिला, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : विद्युत हस्तयंत्रे, भूसंपर्कन, दुहेरी विद्युतरोधन, कारखाना कायदा, असंघटित कामगार.

१. प्रस्तावना

मनुष्याच्या इतिहासात हत्यार हे नेहमी हाताचा विस्तार म्हणून आले. करवत, पटाशी, रंधा, गिरमिट या हत्यारांत शक्ती कारागिराच्या स्वतःच्या दंडातील असे. हात थांबला की हत्यार थांबे. त्यामुळे इजा झाली तरी ती बहुधा त्या हाताच्या शक्तीच्या मर्यादेतच राहत असे. वाफेच्या व नंतर विजेच्या युगात ही स्थिती बदलली. शक्ती बाहेरून येऊ लागली आणि ती कारागिराच्या थकव्याकडे वा चुकीकडे पाहून थांबत नव्हती.

विद्युत हस्तयंत्राने यात आणखी एक भर घातली. गिरणीतील यंत्र एका जागी पक्के बसविलेले असे. त्याला कठडा घालता येई व कामगाराला त्यापासून अंतर राखता येई. हस्तयंत्र मात्र कामगाराच्या मुठीतच असते. धोका आणि माणूस यांमधील अंतरच येथे नाहीसे झाले. म्हणून या हत्यारांच्या सुरक्षिततेचा इतिहास हा औद्योगिक सुरक्षिततेच्या सर्वसाधारण इतिहासाचा केवळ एक उपविभाग ठरत नाही. त्याचे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळ्या मार्गाने शोधावी लागली.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) विद्युत हस्तयंत्रांच्या उदयाचा व प्रसाराचा थोडक्यात आढावा घेणे.
२) विजेच्या धक्क्यापासून संरक्षणाच्या उपायांचा विकास कोणत्या क्रमाने झाला, हे पाहणे.
३) भारतातील, विशेषतः मुंबई इलाखा व महाराष्ट्र यांच्या संदर्भातील, कायदेशीर तरतुदींचे स्वरूप तपासणे.
४) या इतिहासातून आजच्या सुरक्षित वापराविषयी कोणते निष्कर्ष निघतात, ते मांडणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कायदे, नियम, मानके आणि तंत्रज्ञानाच्या इतिहासावरील लेखन हा त्याचा मुख्य आधार आहे.

३. विजेपूर्वीचा सुरक्षाविचार : कठडा आणि कायदा

भारतातील औद्योगिक सुरक्षिततेचा विचार मुंबईच्या कापडगिरण्यांतून सुरू झाला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीनंतर दोन-तीन दशकांतच मुंबईत गिरण्यांची मोठी वस्ती उभी राहिली. या गिरण्यांत एका वाफेच्या इंजिनावरून लांब दांडा फिरत असे व त्यावरून चामडी पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती मिळत असे. पट्ट्यात धोतराचा सोगा वा हात अडकणे हा तेथील मोठा धोका होता.

१८७५ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. पुढे १८८१ मध्ये पहिला भारतीय कारखाना कायदा झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व १०० किंवा अधिक माणसे कामाला असणाऱ्या कारखान्यांना तो लागू होता. धोकादायक यंत्रांना कठडे घालणे ही त्यातील महत्त्वाची तरतूद होती. बालकामगारांसंबंधीच्या तरतुदींची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु कठड्याच्या तरतुदीत एक मोठे तत्त्व मान्य झाले होते, याकडे कमी लक्ष गेले आहे. कामगाराने सावध राहावे एवढे पुरेसे नाही, यंत्राच्या मालकाने यंत्रच सुरक्षित केले पाहिजे, असे ते तत्त्व होय.

कामगारांच्या बाजूनेही हा प्रश्न लवकरच मांडला गेला. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते व 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर झाले. साप्ताहिक सुटी व मधली विश्रांती यांबरोबर त्यात एक मागणी अपघातासंबंधी होती. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. कायद्याने ती मान्य होण्यास १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा यावा लागला. दोन्हींमध्ये जवळजवळ ४० वर्षांचे अंतर आहे, ही गोष्ट या संपूर्ण इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

४. विजेचे आगमन व हातातील यंत्राचा उदय

विजेसंबंधीचे पहिले नियम माणसासाठी नव्हते. इंग्लंडमध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेली नियमावली विद्युत दिव्यांमुळे लागणाऱ्या आगीच्या प्रतिबंधासाठी होती. अमेरिकेत १८९४ मध्ये सुरू झालेल्या 'अंडररायटर्स लॅबोरेटरीज' या परीक्षणसंस्थेचा उगमही आगविमा कंपन्यांच्या गरजेतून झाला. म्हणजेच आरंभी इमारत व मालमत्ता वाचविणे हा हेतू प्रधान होता.

याच काळात विद्युत मोटार हातात धरण्याजोगी लहान होऊ लागली. १८८९ मध्ये मेलबर्न येथे आर्थर जेम्स अर्नॉट व विल्यम ब्लांच ब्रेन यांनी विद्युत ड्रिलचे पेटंट घेतले. १८९५ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथील फाइन या कंपनीने हातात धरून चालविण्याचे विद्युत ड्रिल तयार केले. ते जड होते. ते छातीने वा दोन्ही हातांनी दाबून धरावे लागे व त्याची कळ वेगळी असे.

खरा बदल घडला तो अमेरिकेतील बाल्टिमोर येथे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या 'ब्लॅक अँड डेकर' कंपनीने पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबण्याचा घोडा असलेले ड्रिल तयार केले. त्याचे पेटंट १९१७ मध्ये मंजूर झाले. आज जगभर वापरात असलेल्या ड्रिल मशीनची ठेवण मूलतः तीच आहे. या घोड्यात सुरक्षिततेचा एक मोठा विचार होता. बोट सैल पडले की यंत्र थांबत असे. पण विजेच्या धक्क्याच्या बाबतीत हीच रचना उलटी ठरू शकत होती. कारण धक्का बसलेल्या माणसाची मूठ सैल पडत नाही, ती आवळली जाते. शिवाय त्या काळातील ड्रिलचा सांगाडा संपूर्ण धातूचा असे. आतील तारेचे आवरण घासून फाटले की तो सांगाडाच जिवंत तार बनत असे.

यानंतर हत्यारांची संख्या वेगाने वाढली. १९२० च्या दशकात एडमंड मिशेल यांची हातात धरण्याची चक्री करवत अमेरिकेत आली. १९३२ मध्ये बॉश कंपनीने विद्युत हातोडा बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये 'ब्लॅक अँड डेकर'ने घरगुती वापरासाठी स्वस्त ड्रिल विक्रीस काढले. येथून विद्युत हस्तयंत्र प्रशिक्षित कामगाराच्या हातातून कोणत्याही माणसाच्या हातात गेले.

मुंबईत १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले, १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावू लागली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्राची वीज गिरण्यांना मिळू लागली. भिवपुरी व भिरा ही केंद्रे १९२० च्या दशकात त्यात सामील झाली. मोठमोठ्या गिरण्या वाफेवरून विजेवर गेल्या, तशी वीज जाणणारा मिस्त्री व वायरमन हा नवा कामगारवर्गही तयार झाला. स्वातंत्र्योत्तर काळात मुलुंडसारख्या औद्योगिक उपनगरात विद्युत हस्तयंत्रांची निर्मिती सुरू झाली, तर १९७६ मध्ये स्थापन झालेल्या 'कुलकर्णी पॉवर टूल्स' या कंपनीने कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळसारख्या ग्रामीण भागात हा उद्योग नेला.

५. धक्क्याचे शास्त्र : किती वीज माणसाला मारते?

विजेचा धक्का बसून माणूस मरतो, हे सर्वांना ठाऊक होते; परंतु तो नेमक्या किती विजेने मरतो, याचे उत्तर दीर्घकाळ मिळाले नव्हते. विद्युतदाब जास्त तेवढा धोका जास्त, एवढीच ढोबळ समजूत होती. २३० व्होल्टच्या घरगुती विजेकडे काहीशा बेफिकिरीने पाहण्याची सवय या समजुतीतूनच आली असावी.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांचे नाव अग्रगण्य आहे. १९४० च्या दशकापासून त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींवर प्रयोग केले. हातात धरलेली तार माणूस स्वतःहून सोडू शकेल, अशी प्रवाहाची कमाल मर्यादा किती, हे त्यांना शोधावयाचे होते. १३४ पुरुष व २८ स्त्रिया यांच्यावरील प्रयोगांत ही 'सुटका-मर्यादा' पुरुषांत सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर व स्त्रियांत सुमारे १०.५ मिलिअँपिअर आढळली. सर्वांना सुरक्षित मानता येईल अशी मर्यादा यापेक्षाही बरीच कमी, म्हणजे पुरुषांसाठी ९ व स्त्रियांसाठी ६ मिलिअँपिअर धरली गेली.

या आकड्यांचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. घामाने ओल्या झालेल्या शरीराचा विद्युतरोध १,५०० ओहम धरला, तर २३० व्होल्टवर शरीरातून सुमारे १५० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. हा प्रवाह सुटका-मर्यादेच्या जवळजवळ दहापट आहे व हृदयाचे ठोके विस्कळीत करण्यास पुरेसा आहे. उलट घरातील वितळतार, म्हणजे फ्यूज, ५ अँपिअरचा असेल तर तो ५,००० मिलिअँपिअरपर्यंत वितळतच नाही. तात्पर्य, माणूस प्राण सोडेपर्यंत फ्यूजला काही घडल्याचे कळत नाही. फ्यूज हा तारेच्या संरक्षणासाठी असतो, माणसाच्या नव्हे. 'फ्यूज आहे, म्हणजे भीती नाही' ही आजही आढळणारी समजूत या साध्या गणिताने खोटी ठरते.

याच विषयाच्या दुसऱ्या शाखेत, म्हणजे धक्का बसलेल्याला वाचविण्याच्या शास्त्रात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम कोवेनहोवेन यांचे कार्य मोठे आहे. ते मूळचे विद्युत अभियंते होते. वीज कंपन्यांच्या लाइनमनच्या मृत्यूंमुळे हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. १९६० मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याची पद्धती प्रसिद्ध केली. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या प्रथमोपचाराचा तो एक पाया ठरला.

६. संरक्षणाच्या चार पायऱ्या

हस्तयंत्राच्या धक्क्यापासून माणसाला वाचविण्याचे उपाय साधारणपणे चार प्रकारांत मांडता येतात. त्यांचा क्रम बराचसा ऐतिहासिक आहे, तरी एक आल्यावर आधीचा संपला असे झाले नाही.

अ) भूसंपर्कन : यंत्राचा धातूचा सांगाडा तिसऱ्या तारेने जमिनीशी जोडणे हा पहिला उपाय होय. आत बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली, तर ती कमी रोधाच्या या वाटेने मोठ्या प्रमाणात जमिनीकडे वाहते व फ्यूज वितळतो. आपल्याकडील तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन लांब व जाड असते, याचे कारण हेच. लांब असल्याने ती आधी जोडली जाते व शेवटी सुटते. जाड असल्याने ती इतर छिद्रांत जाऊ शकत नाही. म्हणजे तीन पिनांचा प्लग हा स्वतःच एक मूक सुरक्षानियम आहे. या उपायाची मर्यादा मात्र अशी की, तो संपूर्ण साखळीवर अवलंबून असतो. प्लग, वाढीव वायर, बोर्ड आणि जमिनीतील पट्टी यांपैकी एक दुवा जरी तुटला तरी संरक्षण संपते आणि यंत्र तर पूर्ववत चालत राहते. म्हणून हा बिघाड कोणाच्या लक्षातही येत नाही.

ब) दुहेरी विद्युतरोधन : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत प्लास्टिक उद्योगाची प्रगती झाली व हत्यारांचे सांगाडे विद्युतरोधक द्रव्याचे होऊ लागले. तारांचे नेहमीचे आवरण आणि त्याबाहेर स्वतंत्र दुसरे आवरण, अशी ही रचना आहे. अशा यंत्रावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते आणि त्याला भूसंपर्काच्या तारेची गरज नसते. या उपायाने संरक्षण इमारतीच्या वायरिंगमधून काढून हत्यारातच आणले. वायरिंगचा भरवसा नसलेल्या ठिकाणी याचे महत्त्व फार मोठे आहे. तथापि, असे यंत्र पाण्यात भिजले किंवा त्याचा सांगाडा फुटला, तर हे संरक्षण उरत नाही.

क) विद्युतदाब कमी करणे : इंग्लंडमध्ये बांधकामांवर ११० व्होल्टचा पुरवठा वापरण्याची प्रथा रूढ झाली. यासाठीच्या रोहित्राचा मध्यबिंदू जमिनीशी जोडलेला असल्याने कोणतीही तार व जमीन यांमधील दाब केवळ ५५ व्होल्ट राहतो. १९६१ मध्ये 'ब्लॅक अँड डेकर'ने बॅटरीवर चालणारे ड्रिल आणले. पुढे २००५ नंतर लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे ही हत्यारे सामर्थ्यवान झाली. १२ वा १८ व्होल्टच्या अशा हत्यारात स्वतःच्या पुरवठ्यापासून जीवघेण्या धक्क्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. भिंतीत दडलेली वीजवाहिनी भोकताना बसू शकणारा धक्का मात्र तसाच राहतो.

ड) गळती ओळखून पुरवठा तोडणे : जाणारा व परत येणारा प्रवाह सारखा असला पाहिजे, फरक पडला तर वीज कोठेतरी, कदाचित माणसाच्या शरीरातून, गळत आहे, या तत्त्वावर हा उपाय आधारलेला आहे. १९५५ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींसाठी हेन्री रुबिन यांनी आणि १९५७ मध्ये ऑस्ट्रियात गॉटफ्रिड बीगेलमायर यांनी या प्रकारची उपकरणे विकसित केली. डालझिएल यांनी १९६१ मध्ये केवळ ५ मिलिअँपिअर गळतीला प्रतिसाद देणारे उपकरण तयार केले. हा आकडा त्यांच्याच सुटका-मर्यादेच्या प्रयोगांतून आला होता. अमेरिकेत १९७७ पासून बांधकामांवर असे उपकरण किंवा भूसंपर्काच्या नियमित तपासणीचा कार्यक्रम, यांपैकी एक सक्तीचा झाला. आपल्याकडे माणसाच्या संरक्षणासाठी साधारणपणे ३० मिलिअँपिअरचे उपकरण वापरले जाते.

या चारही पायऱ्यांचा एकत्रित विचार केला असता एक सूत्र स्पष्ट होते. प्रत्येक पायरीवर सुरक्षिततेचा काही भार कामगाराच्या सावधगिरीवरून काढून रचनेवर टाकण्यात आला. १८८१ च्या कायद्यातील कठड्याच्या तत्त्वाचाच हा विस्तार आहे.

७. भारतीय कायद्यांचा प्रवास

भारतात विजेसंबंधी पहिला कायदा १८८७ मध्ये, दुसरा १९०३ मध्ये व तिसरा १९१० मध्ये झाला. १९१० च्या कायद्याने विद्युत निरीक्षकाचे पद व विजेच्या अपघातांची सूचना देण्याचे बंधन निश्चित केले. स्वातंत्र्यानंतरचे भारतीय विद्युत नियम, १९५६ हे अधिक तपशीलवार होते. त्यांतील नियम ६१ भूसंपर्कनाविषयी होता. नियम ४४ नुसार विजेचा धक्का बसलेल्यावर करावयाच्या उपचारांची सूचना स्थानिक भाषेतही लावणे आवश्यक होते. गिरण्या, पंपघरे व वीजकेंद्रे यांच्या भिंतींवर दिसणारे सचित्र तक्ते याच नियमाची देणगी होत. पुढे घातलेल्या नियम ६१-अ ने गळती-संरक्षक उपकरण आवश्यक केले. परंतु २५० व्होल्टपर्यंतच्या व ५ किलोवॅटपेक्षा कमी भाराच्या जोडण्या त्यातून वगळल्या. साधे घर, सुतारकामाचे दुकान व रस्त्याकडेची वेल्डिंगची टपरी अशा प्रकारे या संरक्षणाबाहेर राहिली. विद्युत अधिनियम, २००३ ने जुना कायदा रद्द केला व केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० मध्ये आणि त्यांच्या जागी नवे विनियम २०२३ मध्ये आले.

कारखाना कायद्याचा प्रवास याहून बोलका आहे. कायदा लागू होण्यासाठी यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या कारखान्यात १८८१ मध्ये १०० माणसे असावी लागत. १८९१ मध्ये ही संख्या ५०, १९२२ मध्ये २० व १९४८ मध्ये १० झाली. सुमारे ६७ वर्षांत कायद्याची चौकट सातत्याने लहान कारखान्यांकडे सरकत होती. १९४८ च्या कायद्यात बंदिस्त टाकी, खड्डा वा नळ अशा जागी योग्य सुरक्षासाधनांवाचून २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा हातदिवा वा उपकरण वापरण्यास मनाई होती, ही तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने हा प्रवास उलट दिशेने नेला आणि शक्ती वापरणाऱ्या कारखान्यासाठी ही संख्या पुन्हा २० केली. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. ज्या काळात हत्यारे लहान, स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाली, त्याच काळात कारखान्याच्या व्याख्येची मर्यादा वर गेली, हा विरोधाभास इतिहासाच्या अभ्यासकाला नोंदवावाच लागेल.

१९६६ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली व १९७२ पासून ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले. या प्रयत्नांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्यांचा लाभ मुख्यतः संघटित क्षेत्राला झाला.

८. कारखान्याबाहेर पडलेले हत्यार

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी हत्यारे सहज मिळू लागली व त्यांच्या किमती उतरल्या. फर्निचर, फरशीकाम, ॲल्युमिनियमच्या खिडक्या व लोखंडी जाळ्या यांची कामे ग्राहकाच्या घरी जाऊन होऊ लागली. कारागीर दुचाकीवर पिशवीत ग्राइंडर व ड्रिल घेऊन जातो आणि ज्या घरी काम असेल तेथील बोर्डाला ते जोडतो. त्या घरातील भूसंपर्क चालू आहे की नाही, हे त्याला माहीत नसते व घरमालकालाही नसते.

अशा ठिकाणी तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन कापलेली असते, किंवा प्लगच काढून तारेची उघडी टोके आगपेटीच्या काड्यांनी छिद्रांत घट्ट बसविलेली असतात. ग्राइंडरचे चाक अडचणीच्या जागी पोहोचावे म्हणून त्यावरील लोखंडी कडे काढून ठेवलेले असते. याला केवळ अज्ञान म्हणणे योग्य होणार नाही. नगावर वा चौरस फुटावर मजुरी ठरली की प्रत्येक मिनिटाला किंमत येते, आणि सुरक्षिततेची प्रत्येक कृती मिनिटे खाते. हत्यार स्वतःचे, काम दुसऱ्याचे व जागा तिसऱ्याची, अशा व्यवस्थेत कठड्याच्या तत्त्वातील 'मालक' नेमका कोण, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

१९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने बांधकामाला कायद्याच्या कक्षेत आणले, तरी त्यालाही १० कामगारांची अट होती आणि १० लाख रुपयांपर्यंत खर्चाचे स्वतःचे राहते घर त्यातून वगळलेले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मृत्युमुखी पडली आहेत. हे सर्व मृत्यू हस्तयंत्रांमुळे झालेले नाहीत, हे उघड आहे. तथापि, ज्या वायरिंगच्या भरवशावर ही हत्यारे चालतात, तिची स्थिती या संख्येवरून लक्षात येते.

धोका केवळ धक्क्याचा नाही. १०० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला ११,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून अधिक होतो. फुटलेल्या चाकाचा तुकडा याच वेगाने डोळ्याकडे येतो. दगड व फरशी कापताना उडणारी सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस हा तर बरा न होणारा रोग आहे. धक्का क्षणात कळतो, धूळ मात्र कित्येक वर्षांनी कळते.

९. इतिहासाच्या प्रकाशात सुरक्षित वापर

वरील विवेचनातून हस्तयंत्रांच्या सुरक्षित वापराचे काही नियम कारणांसह सांगता येतात.

१) धातूचा सांगाडा असलेले हत्यार चालू भूसंपर्क असलेल्या तीन पिनांच्या जोडणीवरच वापरावे. घरोघरी जाऊन काम करणाऱ्याने चौकोनात चौकोन हे चिन्ह असलेले हत्यार निवडावे, कारण त्याला परक्या घराच्या भूसंपर्कावर अवलंबून राहावे लागत नाही.
२) बोर्ड व हत्यार यांच्यामध्ये ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षक उपकरण असावे व त्यावरील चाचणीची कळ अधूनमधून दाबून पाहावी.
३) चाक, पाते वा बिट बदलताना केवळ कळ बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढून ठेवावा.
४) ग्राइंडरवरील कडे काढू नये. चाकावर छापलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावी. लाकडाचे दातेरी पाते ग्राइंडरला लावू नये.
५) फिरत्या बिटजवळ सैल कपडे, उपरणे वा कापडी हातमोजे नसावेत. गिरणीतील पट्ट्याने शिकविलेला हा धडा ड्रिललाही लागू आहे.
६) डोळ्यांवर चष्मा व धुळीच्या कामात योग्य मुखपट्टी वापरावी.
७) ओल्या जागी वा ओल्या हाताने पुरवठ्याच्या विजेवरचे हत्यार वापरू नये. शक्य तेथे बॅटरीवरील हत्यार वापरावे.
८) कोणाला धक्का बसल्यास त्याला हात लावण्यापूर्वी पुरवठा तोडावा. श्वास व नाडी थांबली असल्यास छातीवर दाब देण्याचा उपचार त्वरित सुरू करावा व वैद्यकीय मदत मागवावी.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, विद्युत सुरक्षिततेचा विचार मालमत्तेपासून सुरू होऊन माणसापर्यंत येण्यास अनेक दशके लागली. माणसाला किती वीज सहन होते, हे मोजल्याशिवाय त्याचे संरक्षण करणारे उपकरण तयार होऊ शकले नाही.

दुसरा, सुरक्षिततेतील प्रत्येक खरी प्रगती जबाबदारी रचनेकडे व मालकाकडे नेणारी होती. कामगाराला सावधगिरीचा उपदेश करणे आवश्यक असले, तरी तेवढ्यावर थांबणे हे १८८१ च्याही मागे जाणे होय.

तिसरा, भारतात कायद्याने कारखान्याची जागा व कामगारांची संख्या हा आधार धरला. हत्यार मात्र जागा सोडून फिरते झाले व ते वापरणारा बहुधा एकटा असतो. म्हणून संरक्षणाचा आधार जागेऐवजी हत्यार व जोडणी हा असावा. विक्रीस येणाऱ्या प्रत्येक हस्तयंत्रावर मानकाची सक्ती, प्रत्येक लहान जोडणीवर गळती-संरक्षण आणि नाक्यावरच्या कारागिरापर्यंत पोहोचणारे मराठीतील अल्पमुदतीचे प्रशिक्षण, या तीन दिशांनी प्रयत्न होणे गरजेचे आहे. ग्रामीण भागातील महाविद्यालयांना आपल्या परिसरातील कारागिरांसाठी असे वर्ग राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून घेता येतील.

१८८४ मध्ये गिरणी कामगारांनी अपघातानंतरच्या निर्वाहाची मागणी केली, तेव्हा त्यांच्यामागे किमान एका गिरणीचे छप्पर व ओळखीचा मालक होता. पिशवीत ग्राइंडर घेऊन फिरणाऱ्या आजच्या कारागिराकडे निवेदन देण्यासाठी तोही पत्ता नाही. त्याच्या हातातील हत्यार सुरक्षित करणे हाच त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे.